खडीचे ढीग आणि पाझर तलाव



सरकारने आजचे प्रश्न आधी हाती घ्यावेत की उद्याचे, यावर परिषदांमधून शांतपणे बोलता येते. महाराष्ट्राला हाच प्रश्न १९७२ च्या दुष्काळाने विचारला, तेव्हा बोलत बसायला सवड नव्हती. विहिरी कोरड्या पडल्या होत्या, दावणीची जनावरे जात होती. रेशनवर परदेशातून आलेली मिलो ज्वारी मिळे, कामावरच्या बायाबापड्यांना आणि त्यांच्या पोरांना सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. एवढ्या भीषण दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, याचे श्रेय त्या वेळच्या शासनाला आणि गावोगाव राबलेल्या कर्मचाऱ्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवे.

पण कामे कोणती होती, तेही पाहिले पाहिजे. रस्त्याकडेला उन्हात बसून हातोडीने दगड फोडायचे, घमेल्याने खडीचा ढीग रचायचा, मुकादमाने तो मोजायचा, मग मस्टरवर अंगठा उठवून मजुरी घ्यायची. कित्येक ठिकाणी रस्ता झालाच नाही आणि खडी तशीच पडून राहिली. त्याच मजुरीत, त्याच हातांनी दुसरीकडे नालाबांध आणि पाझर तलाव झाले. पाझर तलावाला कालवा नसतो. मधे काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग आणि कडेला सांडवा, एवढाच त्याचा थाट. अडलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. भुकेल्या घरात गेलेली मजुरी दोन्हीकडे सारखीच होती. खडीच्या बाबतीत ती खर्ची पडली. तलावाच्या बाबतीत पुढची कित्येक वर्षे विहिरीत दिसत राहिली.

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मजुरी आणि टिकाऊ काम यांची ही सांगड दुष्काळाच्या आधीच ओळखली होती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि तेही शक्यतो टिकाऊ मत्ता उभी करणारे, अशी त्याची मांडणी होती. पैसा कुठून आणायचा, याचे उत्तरही नेटके होते. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ म्हणून जी कपात दिसते, ती १९७५ च्या कायद्याने याच कारणासाठी सुरू झाली. १९९० मध्ये हमीला फळबाग लागवड जोडली गेली. त्यात पुढच्या वर्षीचे अनुदान ठरावीक टक्के झाडे जगली असतील तरच मिळते. आजची मजुरी उद्याच्या झाडाशी बांधण्याची इतकी साधी तरतूद इतर योजनांत का दिसत नाही, हे खरोखर कळत नाही.

अर्थात सगळीकडे असा मेळ बसत नाही. भूजलात आज आणि उद्या समोरासमोर उभे ठाकतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि सांध्या-भेगांत. खोल बोअर घेणारा शेतकरी यंदाची बाग वाचवतो, पण शेजारच्याची विहीर उपसतो आणि आपलीही पुढची वर्षे. २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली. मराठवाड्यात त्याच्या कितीतरी पट खोल बोअर आजही घेतले जातात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला न्यावी लागली. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर पाणी आले. ते आणणे योग्यच होते, तहानलेल्या शहराला धोरण ऐकवता येत नाही. मात्र त्या रेल्वेची वेळ उसाच्या ज्या पीकपद्धतीने आणली, तिला हात लावायला कोणतेच सरकार धजावले नाही. इथे उद्याची बाजू घ्यावीच लागेल. आणि ती घेताना ऊस सोडणाऱ्या शेतकऱ्याला तूर-ज्वारीचा खात्रीचा भाव द्यावा लागेल. नुसती बंदी घातली, तर उद्याचा बोजा आजच्या सर्वांत अडलेल्या माणसावर पडतो.

हिवरे बाजार या गावाने उद्याची बाजू आपल्या पातळीवर घेऊन दाखवली. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे शेतीसाठी बोअर आणि ऊस दोन्ही बंद झाले. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो: किती पाऊस झाला, पिण्याला किती ठेवायचे, उरलेल्या पाण्यात रब्बीत काय पेरायचे. पाऊस कमी झाला की पिके बदलतात.

सरकारी कामांत पुढच्या वर्षांचा असा हिशेबच नसतो. तलावाचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, आणि गाळ काढायला किंवा सांडवा दुरुस्त करायला पैसा नसतो. गाळाने भरलेले पाणीसाठे मोकळे करायला २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही वेगळी योजना आणावी लागली, यातच सारे आले. तेव्हा या जलसंधारण परिषदेच्या ठरावांत एक मागणी अवश्य असावी: जलसंधारणाच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात पुढच्या १० वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी धरावी, ती ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा व्हावी, आणि तिच्या खर्चाचा हिशेब दरवर्षी पाण्याच्या ताळेबंदासोबत ग्रामसभेत वाचला जावा.