ढोलकीवर कोण होतं?

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आज मला माझ्या छंदाविषयी बोलायला सांगितलंय. आपल्या घरांत 'छंद' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. काम असतं, नाहीतर रिकामटेकडेपणा असतो. माझी आई माझ्या फोटोग्राफीला दुसऱ्या खात्यात टाकते. जयंतीच्या आठवड्यात मात्र तीच शेजारणींना सांगते, "स्टेजच्या पुढं उभा आहे ना, तो आमचा."

मुंबईत घाटकोपर, चेंबूर, गोवंडी या पट्ट्यात भीमगीतांचे कार्यक्रम होतात, त्यांचे फोटो मी काढतो. पाच वर्षं झाली. पैसे घेत नाही, कारण कुणी देत नाही. चहा मिळतो, वडापाव मिळतो, आणि "भाऊ, माझा एक काढ ना" असं म्हणणारी दहा-वीस पोरं मिळतात. कॅमेरा जुना आहे, कुणीतरी वापरून विकलेला. फेलोशिपचे थकलेले पैसे एकदम आले तेव्हा 18,000 रुपयांना घेतला. आईला 8,000 सांगितले. हे भाषण छापून आलं की तिला खरी किंमत कळेल.

आज मला एका फोनविषयी बोलायचंय.

मागच्या पावसाळ्यात एका मुलीचा फोन आला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. माझा नंबर तिला एका गायकाकडून मिळाला होता. म्हणाली, "दादा, तुमच्याकडे पप्पांचा फोटो असेल का? ढोलकी वाजवायचे. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे."

मी म्हणालो, "असणारच. शोधून पाठवतो."

खात्रीनं म्हणालो, कारण काकांना मी ओळखत होतो. दिवसा गोदामात माल चढवायचे-उतरवायचे, रात्री ढोलकी. तीन वर्षांत निदान सात-आठ कार्यक्रमांत मी त्यांच्यापासून दहा फुटांवर उभा होतो. त्या कार्यक्रमांचे दोन हजारांवर फोटो माझ्याकडे होते.

रात्रभर शोधले. काका एकेचाळीस फोटोंत सापडले. काहींत चेहऱ्यावर माइकचा स्टँड आलेला. काहींत ते गायकाच्या खांद्यामागे, धूसर. काहींत नुसता खांदा. चेहरा नीट दिसेल असा एकही नव्हता. एक फोटो मात्र चांगला होता: ढोलकीवर पडलेले दोन हात. बोटांना चिकटपट्टी, एक बोट हवेत. मला तो फोटो इतका आवडला होता की मी तो एका स्पर्धेलाही पाठवला होता. शीर्षक दिलं होतं 'ताल'.

तोच तिला पाठवला. तिनं विचारलं, "हात पप्पांचेच आहेत ना?"

आणि मला सांगता आलं नाही. त्या रात्री दोन पार्ट्या होत्या, म्हणजे दोन ढोलकीवाले. मी कुठं काही लिहून ठेवलं नव्हतं. पाच मिनिटांनी तिचाच मेसेज आला. डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे, ते गोदामात पेटीखाली सापडलं होतं, म्हणजे पप्पाच. ओळख तिनं पटवली. फोटो माझा होता आणि त्यात कोण आहे हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो होता, झेरॉक्सच्या दुकानात मोठा करून आणलेला. बावीस वर्षं स्टेजवर बसलेल्या माणसाचा.

तेव्हापासून मी एकच प्रश्न स्वतःला विचारतोय: हे झालं कसं? मी काही बाहेरून आलेला फोटोग्राफर नाही. त्याच वस्तीतला आहे, जात विषयावर शिकतोय, 'अदृश्यता' या शब्दावर सेमिनारमध्ये वीस मिनिटं बोलू शकतो. तरी माझ्याच कॅमेऱ्यातून काका गाळले गेले.

उत्तर शोधायचं तर एका संध्याकाळचा हिशेब मांडावा लागेल.

पत्रिकेवर वेळ असते सातची. त्रिशरण-पंचशील होतं, प्रतिमांना हार घातले जातात आणि मग सत्कार सुरू होतात. शाल, पुष्पगुच्छ, मनोगत. आयोजक माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, "आधी साहेबांचा नीट घे." साहेबांचा फोटो मागच्या फ्लेक्सवर आधीच सहा फुटी असतो. गायकांचे चेहरे खालच्या पट्टीत, पासपोर्ट साइज. वादकांचे तिथंही नसतात. गाणं सुरू व्हायला नऊ वाजतात. लाउडस्पीकरची मर्यादा रात्री दहाची. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत, आणि वर्षातल्या मोजक्याच दिवसांना सरकार बारापर्यंत सवलत देतं. बाकीच्या दिवशी पावणेदहाला पोलिसांची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबते. म्हणजे आपल्या हातात एक तास.

त्या एका तासात स्टेजवर उजेड कुठं असतो? मधल्या माइकवर. मागं ढोलकी, बेंजो, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि कोरस सावलीत बसलेले. कॅमेरा एका वेळी एकाच उजेडाचा हिशेब नीट करू शकतो. मी तो मुख्य गायकाच्या चेहऱ्यावर करतो, मग मागचे सगळे अंधारात जातात. चेहरा ओळखून आपोआप फोकस करणारी सोय चालू ठेवली की तीही बहुधा जवळचा, मोठा चेहरा पकडते. ढोलकीवाल्याची बोटं थांबलेली दिसावीत म्हणून शटर वेगानं चालवावं, तर स्वस्त एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्यामुळं फोटोवर काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळं असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. सेकंदाच्या शंभराव्या भागावर शटर ठेवलं की पट्टे बहुतेक जातात, पण बोटं पुसट होतात. मग फोटोग्राफर सोपा मार्ग धरतो. उजेडात उभा असलेल्याचा फोटो काढतो.

म्हणजे कुणी कट केला नाही. मंडपवाल्यानं दिवा मध्ये लावला, कॅमेऱ्यानं जवळचा चेहरा धरला, आयोजकानं साहेब दाखवले, मी सोपं ते केलं. प्रत्येकानं आपापलं साधं काम केलं आणि काका गेले. एखादी व्यवस्था कशी चालते याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला अजून पुस्तकात सापडलेलं नाही.

यंत्र तटस्थ असतं असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना पाठवायची. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट छापली गेली की मशीन बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात बसत नसत, आणि दोष मात्र त्यांच्या रंगाचा मानला जाई. आज ते कार्ड राहिलं नाही, पण मोबाइलमधली चेहरा उजळणारी सोय आहेच. एक गायिका ताई दर वेळी मला सांगतात, "मी काळी दिसते, जरा उजळ कर." आधी मी त्यांना सौंदर्य आणि जात यावर व्याख्यान द्यायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्याकडून फोटो उजळून घ्यायच्या. आता मी एक छोटा दिवा सोबत नेतो. माइक टेस्टिंगच्या वेळी तो बाजूनं धरून फोटो काढतो. उजेड पुरेसा असला की रंग बदलावा लागत नाही. मागच्या वेळी फोटो बघून त्या म्हणाल्या, "ही मीच आहे." व्याख्यानानं झालं नव्हतं ते दिव्यानं झालं.

आता नावांविषयी.

पिअर बोर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत साध्या माणसांच्या फोटोग्राफीचा अभ्यास केला. ते पुस्तक 1965 मध्ये आलं. त्यातला एक मुद्दा मला जवळचा वाटतो: कशाचा फोटो काढायचा हे एकटा माणूस ठरवत नाही, त्याचा समूह ठरवतो. फोटो काढण्याजोगं काय, हे आपल्या डोळ्यांत आधीच बसलेलं असतं. माझ्या डोळ्यांत ढोलकीवाल्याचे हात बसले होते. चेहरा नव्हता.

आपल्या गाण्याच्या परंपरेनं मात्र नाव राखायची युक्ती फार आधी शोधली. वामनदादा कर्डक 15 ऑगस्ट 1922 रोजी जन्मले आणि 15 मे 2004 रोजी गेले. त्यांची गाणी वस्त्यावस्त्यांत तोंडी फिरली, पुस्तक हातात नसलेल्यांनी गायली. तरी ती कुणाची हे कळतं, कारण शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. ज्याला छापखाना मिळेल याची खात्री नव्हती त्यानं आपलं नाव गाण्यातच विणून ठेवलं. पण ढोलकीवाल्याला शेवटचं कडवं नसतं. कोरसला नसतं. बेंजोवाल्याला नसतं.

नाव जोडलेलं असलं की काय होतं तेही बघा. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या 'बॉम्बे अवर सिटी' या माहितीपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. 2011 मध्ये आलेला 'जय भीम कॉम्रेड' त्यांच्यापासून सुरू होतो. त्यांचा चेहरा आणि आवाज शिल्लक होता, आणि हा माणूस कोण हे चित्रित करणाऱ्याला ठाऊक होतं. म्हणून ती जुनी रिळं पुढं साक्ष देऊ शकली. नाव ठाऊक नसतं, तर 'झोपडपट्टीतला एक गायक' एवढंच उरलं असतं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे: काकांचं नाव त्या रात्री स्टेजवरून घेतलं गेलं होतं. आपले गायक ही रीत चुकवत नाहीत. "ढोलकीवर साथ करताहेत..." असं म्हणून ते नाव घेतात, लोक टाळ्या वाजवतात. बक्षीस देणाऱ्याचं नाव पन्नास रुपयांसाठीसुद्धा माइकवर येतं. नाव सांगितलं गेलं होतं. त्या वेळी मी खाली मान घालून स्क्रीनवर फोटो तपासत होतो.

म्हणून आता माझी पद्धत बदलली आहे. मी सातच्या कार्यक्रमाला सहाला जातो. वायरी जोडल्या जात असतात, ढोलकीच्या दोऱ्या ओढल्या जात असतात. तेव्हा प्रत्येक वादकाचा आणि कोरसमधल्या प्रत्येकाचा एकेक फोटो काढतो, समोरून, चेहऱ्याचा. त्यांच्याकडूनच मोबाइलवर नाव, वाद्य आणि गाव बोलून घेतो. घरी आल्यावर फाइलला तारीख, ठिकाण, नाव, वाद्य अशी ओळख देतो. दोन हार्ड डिस्कवर ठेवतो, कारण एक बंद पडतेच. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवतो, नाहीतर फोटोचा दर्जा जातो. आणि वर्षातून एकदा पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंट काढून हातात देतो. मोबाइल हरवतो, प्रिंट कपाटात राहते.

आणि विचारतो. हा भाग मी उशिरा शिकलो. कोरसमधल्या एका ताईनं मला सांगितलं, "फोटो काढ, पण टाकू नको." त्या जिथं कामाला जातात तिथं त्यांची जात ठाऊक नाही, आणि फोटोत मागं निळा झेंडा होता. मी तो फोटो आधीच टाकला होता. तासाभरात काढला, पण त्या तासात त्यांना काय वाटलं असेल ते मी मोजू शकत नाही. दिसणं ही आपल्याला लढून मिळवायची गोष्ट आहे, हे मी नेहमी बोलतो. पण कुणाला कुठं दिसायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्या ताईंचं नाव माझ्या वहीत आहे, फोटो माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आहे, आणखी कुठंही नाही.

तुम्ही विचाराल, यानं काय होणार? गोळीबार थांबणार नाही, फेलोशिप वेळेवर येणार नाही. खरं आहे. पण आपण घरातले पहिले पदवीधर आहोत. फॉर्म भरायला, अर्ज लिहायला, रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला घरचे आपल्यालाच बोलावतात. नाव चुकलं तर काय होतं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? त्याच कामात हे एक वाढवा. तुमच्यातले काही महूचे असतील, सुरतचे असतील, हैदराबादचे असतील. तिथंही गाण्याच्या पार्ट्या येतात, स्टेजच्या मागच्या बाजूला माणसं बसलेली असतात. तुमच्या हातात फोन आहेच. पुढच्या कार्यक्रमाला तासभर आधी जा. मागं बसलेल्याला विचारा: तुमचं नाव काय? फोटो काढू का?

त्या मुलीला मी हातांचा फोटो प्रिंट करून नेऊन दिला. स्पर्धेसाठी दिलेलं शीर्षक खोडलं आणि मागच्या बाजूला काकांचं पूर्ण नाव लिहिलं, तिनं सांगितलं तसं. तिनं वाचलं आणि पेन मागितला. आडनावातली वेलांटी मी चुकवली होती.

जय भीम.