उमेदवाराचे पत्रक कसे असावे?



ग्रामपंचायतीची निवडणूक आली की घरोघर पत्रके येतात. वर हात जोडलेली तसबीर, खाली 'कार्यसम्राट', 'लोकनेते' अशी बिरुदे. शेतकऱ्याने, सुताराने, कुंभाराने त्यातून काय घ्यावे? बिरुदांनी नळाला पाणी येत नाही!

उमेदवारांस आमचे सांगणे थोडके आहे. पत्रक एका पानाचे व ठळक अक्षरांचे असावे. एका प्रभागातून बहुधा दोन-तीन सभासद निवडावयाचे असतात. तेव्हा आपण कोणत्या जागेस उभे आहोत ते आधी लिहा. चिन्ह मोठे छापा. ज्यास अक्षर येत नाही त्याच्या सोयीसाठीच १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून चिन्हे आली.

मग तीनच कामे लिहा, तीही ग्रामपंचायतीच्या हातची: पाणी, गटार, दिवाबत्ती. धरण बांधू म्हणणारा मतदारास भोळा समजतो. प्रत्येक कामापुढे ठिकाण व मुदत घाला.

तळाशी मुद्रक-प्रकाशकाचे नाव व पत्ता हवाच. लोकसभा-विधानसभेच्या पत्रकांस १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-अ तसे बंधन घालते. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावच्या निवडणुकीतही निनावी पत्रकास कोणी हात लावू नये. तो अंधारातून मारलेला दगड होय.

आणि मायबहिणींनो, निवडून आलेल्याचे पत्रक चुलीत घालू नका. पाच वर्षे जपून ठेवा, ग्रामसभेत तेच हाती धरून उभ्या राहा व विचारा, "लिहिले होते ते पाणी कोठे आहे?"