ऑरेंज ऑर्डर : सशर्त राजनिष्ठेची परंपरा

आयर्लंडच्या आर्मा परगण्यात, लॉफगॉल गावाजवळच्या डायमंड या चौकात, २१ सप्टेंबर १७९५ रोजी ‘डिफेंडर्स’ म्हणवणारे कॅथलिक आणि परिसरातील प्रॉटेस्टंट यांच्यात चकमक झाली. प्रॉटेस्टंटांकडे उंचावरची जागा आणि चांगली शस्त्रे होती. मेले ते बहुतेक डिफेंडर्सच. त्यानंतर लॉफगॉलमधील जेम्स स्लोन यांच्या सराईत विजेत्यांनी एकमेकांच्या रक्षणासाठी शपथबद्ध संघटना उभारली. तीच ऑरेंज ऑर्डर.

हे भांडण धर्माइतकेच जमिनीचे आणि मागाचे होते. आर्मात वस्ती दाट, शेते लहान आणि घरोघरी लिननचे विणकाम. विणकामातून हाती पैसा आलेली कॅथलिक कुळे जमिनीसाठी जास्त खंड देऊ लागली आणि प्रॉटेस्टंट कुळांना आपले स्थान डळमळीत वाटू लागले. १७९३ च्या कायद्याने कॅथलिकांना मतदानाचा हक्क मिळाल्यावर ही अस्वस्थता वाढली. ‘पीप ओ’ डे बॉइज’ या प्रॉटेस्टंट टोळ्या तर त्याआधीपासूनच भल्या पहाटे कॅथलिकांच्या घरांत शिरून शस्त्रांच्या झडतीच्या नावाखाली माग मोडत होत्या. डायमंडनंतर हजारो कॅथलिकांना परगणा सोडावा लागला. अनेकजण पश्चिमेकडे कॉनॉट प्रांतात गेले. ऑर्डर याची जबाबदारी नाकारते. तरीही तिचे पहिले महिने आणि ही हकालपट्टी एकाच काळातली आहेत, हे विसरून तिच्या मूल्यांबद्दल बोलता येत नाही.

संघटनेचा सांगाडा फ्रीमेसन मंडळींकडून आला : लॉज नावाच्या शाखा, त्यांना मिळणारी सनद, खुणेचे शब्द, दीक्षेच्या पायऱ्या. गावच्या लॉजवर जिल्ह्याचे, त्यावर परगण्याचे आणि सर्वांत वर ग्रँड लॉज, अशी उतरंड आजही आहे. सुरुवातीचे सभासद प्रामुख्याने अँग्लिकन विणकर आणि शेतकरी होते. जमीनदार मंडळी थोड्याच काळात नेतृत्वाला आली आणि १७९८ मध्ये डब्लिनला ग्रँड लॉज स्थापन झाले. त्याच वर्षी ब्रिटिश सत्तेविरुद्ध ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेचे बंड झाले. त्यात उत्तरेतले अनेक प्रेस्बिटेरियन बंडखोरांच्या बाजूने, तर ऑरेंजमन सरकारच्या बाजूने लढले. प्रेस्बिटेरियन मोठ्या संख्येने ऑर्डरमध्ये आले ते नंतर, एकोणिसाव्या शतकात.

ऑर्डरचा आदर्श म्हणजे ऑरेंज घराण्यातला इंग्लंडचा प्रॉटेस्टंट राजा तिसरा विल्यम. १६९० मध्ये बॉइन नदीकाठी त्याने आपला कॅथलिक मामा आणि सासरा, पदच्युत राजा दुसरा जेम्स याचा पराभव केला. ही लढाई जुन्या पंचांगाप्रमाणे १ जुलैची. उत्सव मात्र १२ जुलैला होतो. १७९६ पासून त्या दिवशी मिरवणुका निघत आल्या आहेत. ऑर्डरच्या मते विल्यमने नागरी आणि धार्मिक स्वातंत्र्य मिळवून दिले. प्रत्यक्षात युरोपच्या युद्धात कॅथलिक ऑस्ट्रिया आणि स्पेन विल्यमचेच मित्र होते, आणि विजयानंतर आयर्लंडमधील कॅथलिकांवर जमीन, शस्त्रे व पदे यांबाबत कडक निर्बंध आले. ज्या स्वातंत्र्याचा गौरव होतो, त्यातून देशाचा बहुसंख्य समाज वगळला गेला होता.

सभासदाच्या पात्रतेच्या नियमांतही हा पेच दिसतो. त्याने ईश्वरावर आणि ख्रिस्तावर निष्ठा ठेवावी, रविवार पाळावा, शिव्याशाप आणि अतिरेकी मद्यपान टाळावे. रोमच्या शिकवणुकीला विरोध करावा, कॅथलिक उपासनेत भाग घेऊ नये; पण कॅथलिक माणसाशी वाईट बोलू किंवा वागू नये. विधवा आणि अनाथांसाठीचे निधी ही या बंधुभावाची घरगुती, फारशी चर्चेत न येणारी बाजू.

सर्वांत बोलके कलम मात्र जुन्या शपथेतले : राजा प्रॉटेस्टंट वर्चस्व राखील तोवरच त्याला पाठिंबा. ही अट पुन्हा पुन्हा वर आली. १८३५ च्या संसदीय चौकशीत सैन्यातील लॉज उघडकीस आले आणि पुढच्या वर्षी ऑर्डरला स्वतःला विसर्जित करावे लागले. त्या वेळी राजाचा भाऊ, कंबरलंडचा ड्यूक, तिचा ग्रँड मास्टर होता. पुनरुज्जीवनानंतर मिरवणूकबंदीचा कायदा आला. १८६७ मध्ये विल्यम जॉन्स्टन यांनी न्यूटाउनार्ड्स ते बँगर अशी मिरवणूक काढून तो उघड मोडला, तुरुंगवास भोगला आणि १८६८ मध्ये बेलफास्टमधून संसदेत निवडून आले. १८७२ मध्ये कायदाच गेला.

स्थलांतरितांबरोबर ऑर्डर स्कॉटलंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात पोहोचली; पुढे पश्चिम आफ्रिकेतही. १८६० मध्ये ब्रिटिश युवराज एडवर्ड कॅनडातील किंग्स्टन बंदरात उतरलाच नाही, कारण स्वागताला ऑरेंज कमानी उभ्या होत्या.

१९२१ मध्ये उत्तर आयर्लंड वेगळे झाल्यावर ऑर्डर सत्तेच्या केंद्रस्थानी आली. १९७२ पर्यंतचे सहाही पंतप्रधान तिचे सभासद होते. लंडनने थेट कारभार हाती घेतल्यावर सशर्त राजनिष्ठेचा जुना प्रश्न रस्त्यावर उतरला. पोर्टाडाउनचे लॉज ड्रमक्री चर्चहून कॅथलिक वस्तीच्या गार्व्हाही रस्त्याने परतत असे; रहिवाशांच्या विरोधामुळे १९९५ पासून तेथे पोलिसांशी समोरासमोर संघर्ष झाला. १९९६ मध्ये बंदी घालून काही दिवसांतच ती उठवण्यात आली. १९९८ मध्ये मिरवणुकांबाबत निर्णय देणाऱ्या परेड्स कमिशनने तो मार्ग नाकारला आणि तेव्हापासून मिरवणूक तेथून गेलेली नाही. अल्स्टर युनियनिस्ट पक्षाच्या परिषदेत ऑर्डरला १९०५ पासून प्रतिनिधित्व होते. हा औपचारिक संबंध २००५ मध्ये संपला.