पित्याचे मौन आणि मुलांचे प्रश्न



सभेत स्त्री-पुरुष समतेवर तासभर बोलणारा बाप घरी मुलाने ‘पाळी म्हणजे काय?’ असे विचारताच ‘आईला विचार’ म्हणून वर्तमानपत्रात डोके खुपसतो. या मौनाला मर्यादा म्हणण्याची रूढी आहे. वस्तुतः ती जबाबदारीतून काढलेली पळवाट होय.

मौनाने प्रश्न मरत नाहीत. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. घरात जे विचारता येत नसे ते वाचक त्यांना पत्राने विचारीत. अशा प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. आज तेच प्रश्न मुले मोबाईलला विचारतात आणि तेथे कर्वे नाहीत, स्त्रीदेहाचा व्यापार करणारा बाजार आहे.

मौनाची किंमत याहूनही मोठी आहे. केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ५३ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणारांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. ज्या मुलाला स्वतःच्या अवयवाचे नाव उच्चारण्याची बंदी, त्याने तक्रार तरी कोणत्या शब्दांत करावी?

यासाठी बापाने व्याख्यान देण्याची गरज नाही. लहानपणीच अवयवांची खरी नावे सांगावीत. ‘कोणी नकोसा स्पर्श केला तर सांग, दोष तुझा नाही’ हे वारंवार सांगावे. पाळी आणि स्वप्नावस्था यांविषयी मुलगा व मुलगी दोघांनाही वेळेआधी कळावे. तरुण मुलाला हे स्पष्ट बजावावे की ‘नाही’ म्हणजे नाहीच, आणि २०१२ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ही संमती ठरत नाही. उत्तर ठाऊक नसेल तर ‘शोधून सांगतो’ म्हणावे व खरोखरच सांगावे.

खरी कसोटी पुढे आहे. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची वा जातीची संमती आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. परंतु आपल्या निवडीची गोष्ट मुलगी प्रथम बापाला सांगते की त्याच्यापासून लपविते, हे त्या दिवशी ठरत नाही. ते ती दहा वर्षांची असताना विचारलेल्या प्रश्नाला बापाने काय उत्तर दिले, यावरून ठरते. जातिअंताची भाषा सभेत कितीही प्रखर असो, तिची पहिली परीक्षा घराच्या उंबरठ्याआतच होते.