हरणाऱ्या मास्तरांचं घराणं



वसंतातल्या व्याख्यानमालेत बास्केटबॉल कुठून आला, असं आत्ता चहाच्या वेळी एका काकांनी मला विचारलंच. मी त्यांना म्हटलं, काका, मी घराण्याबद्दल बोलणार आहे. किराणा हे गाव उत्तर प्रदेशातलं, पण त्या गावाचं गाणं आपल्याला कळलं ते मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांमुळं आणि पुढं कुंदगोळच्या सवाई गंधर्वांमुळं. बास्केटबॉलचंही तसंच आहे. जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा, पण घराणं उभं राहिलं ते कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स नावाच्या गावी, एका टेकडीवरच्या विद्यापीठात. आज त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाची गोष्ट सांगतो.

जन्माची हकीकत थोडक्यात उरकतो, कारण ती शाळेच्या पुस्तकातही येते. डिसेंबर १८९१. स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत अठरा आडदांड विद्यार्थी. बाहेर बर्फ, आत तीच ती कवायत, पोरं कंटाळलेली. आधीच्या मास्तरांनी हात टेकलेले. मग हा वर्ग जेम्स नेस्मिथ या तिशीतल्या कॅनेडियन माणसाच्या गळ्यात पडला आणि वरिष्ठांनी त्यांना चौदा दिवसांची मुदत दिली. नेस्मिथांनी शिपायाला चौकोनी खोकी आणायला सांगितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. आज जगभर कुठंही जा, बास्केटची कडी दहा फुटांवर असते. त्यामागं कुठलंही शास्त्र नाही, त्या सज्जाची उंची तेवढी होती, बस्स. पहिला सामना नऊ विरुद्ध नऊ झाला आणि १-० असा सुटला. चेंडू टोपलीत गेला की तो काढायला शिडी लागायची.

नेस्मिथ लॉरेन्सला आले १८९८ साली. तोवर त्यांनी डेन्व्हरला वैद्यकीची पदवी घेतली होती, धर्मशास्त्र आधीच शिकलेले होते. विद्यापीठाला हवा होता प्रार्थनामंदिर सांभाळणारा आणि व्यायाम शिकवणारा माणूस. दोन पदांचा एकच पगार, हा हिशेब आपल्याकडच्या संस्थाचालकांना नवा वाटणार नाही. (हशा) बास्केटबॉल शिकवण्यासाठी त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. पण खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला तोच गावात आलाय म्हटल्यावर संघ निघणारच. ३ फेब्रुवारी १८९९ ला पहिला सामना झाला, कॅन्सस सिटीच्या वायएमसीएशी. विद्यापीठ हरलं, १६-५.

आणि पुढंही हरत राहिलं. नेस्मिथांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. कॅन्ससच्या पुरुष संघाला सव्वाशे वर्षांत प्रशिक्षक झाले फक्त आठ. त्या आठांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला एकच माणूस, आणि तो म्हणजे या खेळाचा जनक! ही गोष्ट अमेरिकेत विनोद म्हणून सांगतात. मला तो विनोद वाटत नाही. नेस्मिथांना जिंकण्याची घाई नव्हती. मुलांचं शरीर आणि स्वभाव घडावा म्हणून त्यांनी खेळ काढला होता. मुलं भांडली नाहीत, धापा टाकत हसत बाहेर आली, की त्यांचं काम झालं.

त्यांच्या हाताखाली खेळलेला एक पोरगा मात्र वेगळ्या मातीचा होता. फॉरेस्ट ॲलन. बेसबॉलचा पंच म्हणून ओरडताना याचा आवाज जहाजाच्या धुक्यातल्या भोंग्यासारखा घुमायचा, म्हणून नाव पडलं ‘फॉग’. शेजारच्या एका कॉलेजनं त्याला बास्केटबॉल शिकवायला बोलावलं. तो हे सांगायला गेला तेव्हा गुरुजी हसले आणि म्हणाले, की अरे, हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो. ॲलननं ते मनावर घेतलं नाही. १९०७ साली गुरूच्या जागी तोच आला. मध्ये दहा वर्षं दुसरीकडं होता, पण १९१९ ला परतला तो १९५६ पर्यंत हललाच नाही. एकूण एकोणचाळीस मोसम. कॅन्ससला ५९० विजय मिळवून दिले आणि १९५२ साली राष्ट्रीय अजिंक्यपदही.

गंमत अशी, की यातली बरीच वर्षं नेस्मिथ तिथंच प्राध्यापक होते. शिष्य गादीवर, गुरू शेजारच्या खोलीत, आणि दोघांचं मूळ मुद्द्यावरच एकमत नाही. तरी शिष्यानं गुरूसाठी काय केलं बघा. बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून ॲलन वर्षानुवर्षं भांडला. १९३६ ला बर्लिनमध्ये तो आला, तेव्हा नेस्मिथांच्या प्रवासासाठी प्रशिक्षकांच्या संघटनेनं वर्गणी काढली. म्हातारबुवांनी पहिल्या सामन्याचा चेंडू उडवला. अंतिम सामना उघड्यावर, पावसात, चिखलात झाला. चेंडू उसळेचना. अमेरिकेनं नेस्मिथांच्या मायदेशाला, कॅनडाला, १९-८ असं हरवलं. याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं आपले देशी खेळ दाखवायला गेली होती, हे इथं मुद्दाम सांगतो. एकाच शहरात, त्याच दिवसांत, पीचच्या टोपलीतला खेळ आणि आपली हुतूतू.

आता ज्या माणसासाठी मी हा विषय घेतला, त्याच्याकडं येतो.

१९३३ साली जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा लॉरेन्सला शिकायला आला. थेट नेस्मिथांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, तुम्ही माझे मार्गदर्शक. कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. वडिलांनी. मग वडील म्हणतात ते बरोबरच असणार, म्हणून नेस्मिथांनी त्याला ठेवून घेतलं. पण विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. संघ कुणाचा, तर फॉग ॲलनचा. म्हणजे खेळाच्या जनकाकडून धडे घ्यायचे, आणि त्याच खेळाच्या मैदानावर पाय ठेवायचा नाही! शारीरिक शिक्षणाच्या पदवीला पोहणं सक्तीचं होतं. हा मुलगा तलावात उतरला, तर मागाहून तलावातलं पाणी काढून टाकलं. महाडच्या चवदार तळ्याचं १९२७ च्या सत्याग्रहानंतर काय केलं गेलं, हे ज्या प्रांताला माहीत आहे, त्याला याहून जास्त सांगायला नको.

मॅक्लेंडन १९३६ ला पदवी घेऊन बाहेर पडला आणि नॉर्थ कॅरोलायनात डरॅमच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात शिकवू लागला. त्याचा संघ वाऱ्यासारखा पळायचा. बचाव करता करताच हल्ला. त्याच गावात ड्यूक विद्यापीठ. तिथल्या वैद्यकीय शाखेतल्या गोऱ्या विद्यार्थ्यांचा संघ जोरात होता. दोघांचा सामना होणं कायद्यानं आणि रिवाजानं अशक्य. तर १२ मार्च १९४४, रविवार, सकाळची वेळ. गाव चर्चमध्ये. ड्यूकची मुलं गुपचूप गाड्यांतून आली. व्यायामशाळेची दारं आतून बंद केली. प्रेक्षक नाहीत, वार्ताहर नाहीत. सुरुवातीला दोन्हीकडच्या मुलांचे हात थरथरत होते, साधे पास चुकत होते. मग मॅक्लेंडनची पोरं सुटली. ८८-४४. बरोबर दुप्पट. आणि त्यानंतर जे झालं ते मला गुणफलकापेक्षा मोठं वाटतं. दोन्ही संघ मिसळले, निम्मे इकडं, निम्मे तिकडं, आणि पुन्हा एक डाव खेळले. ही बातमी कुठंही छापून आली नाही. पन्नासएक वर्षांनी एका इतिहासकारानं ती उजेडात आणली.

नेस्मिथ १९३९ सालीच गेले होते. पण दारं लावून खेळलेल्या त्या दुसऱ्या डावात त्यांचा खेळ जितका उतरला तितका कॅन्ससच्या कुठल्याच चषकात उतरला नाही, असं माझं मत आहे. तुम्ही वेगळं मत ठेवायला मोकळे आहात.

ॲलनचे शिष्यही थोडेथोडके नव्हेत. ॲडॉल्फ रप केंटकीला गेला आणि ८७६ सामने जिंकला. डीन स्मिथ १९५२ च्या विजेत्या संघात बहुतेक वेळ बाकावरच असायचा. तो पुढं नॉर्थ कॅरोलायनात ८७९ जिंकला, आणि त्याच्या हाताखालून मायकेल जॉर्डन निघाला. याच डीन स्मिथनं आपल्या विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक खेळाडू आणला. रपनं मात्र ते दार फार उशिरा उघडलं. एका गुरूचे दोन शिष्य, पण एकाच्या गळ्यात एक सूर, दुसऱ्याच्या दुसरा. घराण्यांत असं होतं.

१९५५ च्या मार्चमध्ये ॲलनच्या नावाचं फील्डहाउस, म्हणजे बंदिस्त क्रीडागृह, उघडलं. कोरियन युद्धामुळं पोलाद मिळेना, तेव्हा इमारतीत लष्कराच्या कामाच्या खोल्या दाखवून परवानगी मिळवली. युक्तीबाज लोक सगळीकडं असतात. सामन्याआधी तिथं एक विधी चालतो. पाहुण्या संघाची नावं पुकारायला लागली की विद्यार्थी चक्क वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतात. तुम्ही कोण, आम्हाला काय त्याचं! मग आपल्या संघाची नावं आली की त्याच कागदांचे कपटे करून हवेत उडवतात. आणि शेवटाकडं सामना हातात आला की ‘रॉक चॉक जेहॉक’ असा संथ घोष सुरू होतो, देवळात धूपारती चालल्यासारखा. ही आरोळी १८८६ सालची आहे, म्हणजे खेळाच्या आधीची. ती बांधली कुणी, तर रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकानं.

फील्डहाउस उघडलं त्याच वर्षी, १९५५ ला, तिथं विल्ट चेंबरलेन आला. फिलाडेल्फियाचा सात फुटी मुलगा. ॲलननं त्याला जंग जंग पछाडून आणला खरा, पण तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे, आणि पुढच्या वर्षी सत्तरी पूर्ण झाली म्हणून विद्यापीठानं ॲलनलाच निवृत्त केलं. आयुष्यातला सर्वांत मोठा शिष्य मिळाला, आणि त्याला शिकवायचं राहून गेलं. चेंबरलेननं पहिल्याच मोठ्या सामन्यात ५२ गुण केले. लॉरेन्सच्या आसपासच्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना वाढत नसत. तो जाऊन बसायचा आणि वाढेपर्यंत उठायचा नाही. सात फुटी माणसाला हाकलणार कोण?

१९५७ च्या अंतिम सामन्यात समोर नॉर्थ कॅरोलायना. त्यांच्या प्रशिक्षकानं सुरुवातीच्या चेंडूला चेंबरलेनसमोर आपला सर्वांत बुटका गडी उभा केला, नुसतं खिजवायला. तीन वेळा जादा वेळ खेळून कॅन्सस ५४-५३ असं हरलं. चेंबरलेन वर्षभरानं विद्यापीठ सोडून गेला आणि चाळीस वर्षं आपण सगळ्यांची निराशा केली असं मनात धरून बसला. जानेवारी १९९८ मध्ये तो परत आला, तेव्हा अंगात विद्यापीठाचं जुनं जाकीट होतं. सोळा हजार लोक उभे राहिले. त्याची १३ नंबरची जर्सी छताला टांगली गेली. पुढच्याच वर्षी तो वारला.

अलीकडचा काळ मी धावता सांगतो. १९८८ ला डॅनी मॅनिंगनं अंतिम सामन्यात ३१ गुण करून चषक आणला. ११ पराभव पचवून जिंकलेला तो संघ. पण भरतीचे नियम मोडले म्हणून पुढच्या वर्षी त्यांना स्पर्धेत उतरूच दिलं नाही. २००८ ला प्रशिक्षक बिल सेल्फच्या संघानं मेम्फिसला जादा वेळेत हरवलं. २०२२ ला मध्यंतराला पंधरा गुणांनी मागं असताना उठून ७२-६९ अशी मात केली, ती पुन्हा नॉर्थ कॅरोलायनावरच, म्हणजे घराण्याच्या दुसऱ्या शाखेवर. आणि २०२३ मध्ये बूट विकणाऱ्या कंपनीच्या पैशांच्या प्रकरणात २०१८ च्या मोसमातले १५ विजय पुसले गेले. ज्या संघाच्या पहिल्या मास्तरांना हरण्याची लाज नव्हती, त्या संघावर जिंकलेले सामने परत करायची वेळ आली. यावर मी भाष्य करत नाही.

एवढंच सांगून थांबतो. नेस्मिथांचे टंकलिखित मूळ तेरा नियम, दोन पानं, २०१० साली न्यूयॉर्कला लिलावात निघाले. लॉरेन्सच्या एका माजी विद्यार्थ्यानं ते सुमारे ४३ लाख डॉलरला घेऊन विद्यापीठाला दिले. आता ते फील्डहाउसला लागूनच काचेत ठेवलेले आहेत. इमारतीला नाव ॲलनचं, बाहेरच्या रस्त्याला नाव नेस्मिथांचं. कधी तिकडं गेलात तर ती दोन पानं सावकाश वाचा. त्यांत अंपायर आहे, रेफरी आहे, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव आहेत, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती आहे. प्रशिक्षक हा शब्द कुठंही नाही.