सुपारी ठरवताना मनगटाचंही बोला

हलगी, संबळ, ढोलकी, ताशा, पखवाज घेऊन माढा, बार्शी, करमाळा, पंढरपूर तालुक्यांतून आलेले माझ्या वादक बंधू-भगिनींनो,

अध्यक्षपदावरून कलेच्या थोरवीवर बोलायची रीत आहे. ती थोरवी आपल्याला ठाऊकच आहे. मला आज मनगटावर बोलायचं आहे.

त्यासाठी कुर्डुवाडीसारखं गाव नाही. 1897 साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी इथून बार्शीला धावू लागली, तेव्हा या स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. पुढे इथं रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि हातोड्या-पान्यावर इथली घरं चालली. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने अधिनियमानं ठरवून दिलं, की कामगाराकडून सलग 5 तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी द्यायची. हातानं राबणाऱ्याला थांबायचा हक्क आहे, हे या गावानं फार आधी पाहिलं. आपल्या वरातीत मात्र हलगीवाला नवरदेव घोड्यावर बसल्यापासून मांडवात उतरेपर्यंत थांबत नाही. थांबलाच तर पोरं ओरडतात, "वाजीव की!"

रात्री दोनला हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकावा लागतो, मग बरं वाटतं. असं कुणाकुणाला होतं? मला दिसतंय, बरेच हात वर झालेत. मनगटात हाडांचा आणि पट्ट्याचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटवणाऱ्या 9 दोऱ्या आणि एक नस जाते. काम अती झालं की दोऱ्यांवरचं आवरण सुजतं आणि नस दाबली जाते. म्हणून अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी मात्र ठीक राहते. दुसरा त्रास अंगठ्याच्या मुळाशी असतो. टिपरू उचललं की तिथं कळ मारते. फ्रित्झ द कर्व्हे या स्विस शल्यचिकित्सकानं 1895 साली तो नोंदवला, आजही तो त्याच्याच नावानं ओळखला जातो.

आपल्याला वाटतं, मारणारा उजवा हात बिघडतो. हलगीवाल्याचा डावा हात जरा जवळून बघा. हलगी डाव्या खांद्याला अडकवलेली, मनगट कड्यावर टेकलेलं आणि आत वळलेलं, त्यात बोटांनी पातळ काडी नाचवायची. वाकलेल्या मनगटात तो बोगदा आणखी आवळतो आणि वरून लोखंडी कडं रुतत राहतं. उपाय अवघड नाही. दोरी इतकी आखूड-लांब करून घ्या, की हलगीचं ओझं खांद्यावर जाईल आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ राहील. कड्याला जिथं मनगट टेकतं तिथं सुती कापडाची जाड पट्टी गुंडाळा.

उजव्या हाताचा शत्रू म्हणजे घट्ट मूठ. टिपरू अंगठा आणि पहिल्या बोटाच्या पेरावर तोलायचं, बाकीची बोटं नुसती सोबतीला. तापवलेल्या कातड्यावरून टिपरू आपोआप उसळतं, त्याला उसळू द्यायचं. घामानं ते निसटेल म्हणून आपण आवळतो. त्यापेक्षा त्याला सुती दोरा गुंडाळा. टिपरू उसळायला कातडं तापलेलं लागतं, म्हणूनच हलगी शेकणं हे मनगटाचंही काम आहे. आषाढातल्या दमट हवेत कातडं सैल पडतं, नाद निघत नाही आणि आपण दुप्पट जोर लावतो. आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचं पान आलंय, ते पावसाला डगमगत नाही. पण त्याचा कडक हादरा मनगटात उतरतो, तेव्हा तिथं मूठ आणखी सैल हवी.

शेजारी डीजेची भिंत असेल तर जोर लावून तिला हरवता येत नाही. तो नाद सोडून द्या. पुढं चाला, अंतर ठेवा, नाहीतर सुपारीच घेऊ नका.

तरुण पोरापोरींच्या ढोल-ताशा पथकांनाही सांगतो. वर्षभर हात रिकामे आणि गणपतीच्या महिना-दीड महिना आधी रोज तास न् तास सराव, यात मनगट दगावतं. वेळ आठवड्याआठवड्यानं वाढवा, पहिली दहा मिनिटं संथ ठेक्यात वाजवा. हाताला चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली, की मला अभिमान वाटत नाही, काळजी वाटते.

दुखलं तर गोळी खाऊन वाजवू नका. गोळी दुखणं झाकते, सूज तशीच वाढते. पहिले एक-दोन दिवस फडक्यात बर्फ घेऊन दहा-पंधरा मिनिटं शेका. जोरात चोळू नका, कुणाकडून हात ओढून घेऊ नका. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा औषधाच्या दुकानात मिळतो. दोन आठवड्यांत मुंग्या गेल्या नाहीत, हातातून पेला निसटू लागला किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसलेला दिसला, तर दवाखान्यात जायचं. रक्तातली साखर आणि थायरॉइडही तपासून घ्या, या दोन्हींच्या बिघाडात नस लवकर दाबली जाते.

पण हे सगळं रिकाम्या खिशाला सांगून काय उपयोग? हंगाम चैत्र-वैशाखाचा. त्यात दोन तारखा गेल्या की घरात चूल कशी पेटायची? विश्रांतीचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनाही हे कळायला हवं. अमेरिकेत मॅक्स वाइनबर्गसारख्या नामांकित ड्रमवादकाला हातांवर अनेक शस्त्रक्रिया करून घ्याव्या लागल्या. त्याचा बँड मोठा, त्याला खर्च पेलला असेल. आपल्या मोडनिंबच्या ढोलकीवाल्याचा, तुळजापूरच्या वाटेवरच्या संबळवाल्याचा खर्च कोण पेलणार?

म्हणून माझी मागणी सुपारीपाशीच आहे. दर ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्या: दर पाऊण तासाला दहा मिनिटं थांबणार, पार्टीत एक जादा वादक राहील आणि पाळी बदलली जाईल, आणि त्या जादा माणसाचे पैसे यजमान देईल. एकट्यानं मागितलं तर यजमान दुसरी पार्टी बघेल. या चार तालुक्यांतल्या सगळ्यांनी एकच बोली लावली तर त्याला ऐकावं लागेल. हा ठराव आजच्याच समारोपात मांडावा, अशी माझी संयोजकांना विनंती आहे. त्याला अनुमोदन द्यायला मी इथंच बसून आहे.