निवाडा स्वतः वाचा
(कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुढें केलेलें भाषण)



पोथी भटजींनीं वाचावी आणि आपण अर्थ न कळतां मान डोलवावी, या रीतीवर जोतिरावांनीं घाव घातला. पण आज घटनेच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टाचा निवाडा झाला कीं, आपण पुन्हां तेंच करतों. कोणी पुढारी बोलतो, कोणी पत्र मथळा देतें, आणि निवाड्याचें एक पानहि न उघडतां आपण रडतों किंवा गुलाल उधळतों. हा नवा मध्यस्थ म्हणजे नवा भटजीच!

आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचेंच उदाहरण घ्या. मद्रास सरकारच्या जातवार हुकुमाप्रमाणें कॉलेजांतील दर १४ जागांपैकीं ब्राह्मणेतर हिंदूंस ६, मागासलेल्या हिंदूंस २, ब्राह्मणांस २, हरिजनांस २, अँग्लो-इंडियन व हिंदी ख्रिस्ती यांस १ व मुसलमानांस १ अशी वांटणी होती. चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यांत ९ एप्रिल १९५१ रोजीं सात न्यायाधीशांनीं ती रद्द ठरविली. 'कोर्टानें आपल्या तोंडचा घास काढला', एवढेंच आम्हीहि पुष्कळ दिवस सांगत होतों. निवाडा वाचला तेव्हां आमची चूक कळली. म्हणून रविवारीं आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुलांस आम्ही आतां एकाच कागदावर पांच रकाने पाडावयास सांगतों.

पहिला, हकीकत. अर्जदार बाईंनीं कॉलेजांत प्रवेशाचा अर्जच केला नव्हता, हें निवाड्यांत नमूद आहे; मथळ्यांत तें सांपडत नाहीं.

दुसरा, प्रश्न. तो एकाच वाक्यांत लिहावा: केवळ जातीमुळें सरकारी कॉलेजांत जागा नाकारणें कलम २९(२) प्रमाणें चालेल काय?

तिसरा, दोन्ही पक्षांचें म्हणणें. सरकारनें दुर्बल वर्गांच्या शिक्षणाचें कलम ४६ पुढें केलें. अर्जदारांनीं मूलभूत हक्क पुढें केला. विरुद्ध पक्षाचें म्हणणें त्यालाहि कबूल होईल असें लिहावें. शिव्या देऊन युक्तिवाद खोडला जात नाहीं.

चौथा, निर्णय व कारण. मार्गदर्शक तत्त्वें मूलभूत हक्कांवर मात करूं शकत नाहींत, असें कोर्टानें सांगितलें. शिवाय, सरकारी नोकऱ्यांसाठीं मागासवर्गांची सवलत कलम १६(४) मध्यें लिहिलेली आहे, तशी कलम २९ मध्यें नाहीं, हेंहि दाखविलें.

पांचवा, पुढें काय झालें? उणीव कोठें आहे, तें निवाड्यानेंच सांगितलें होतें. मद्रासेंत चळवळ उठली, आणि १८ जून १९५१ रोजीं पहिल्या घटनादुरुस्तीनें कलम १५(४) आलें. त्यांत कलम २९(२) चें नांव घेऊन मागासवर्गांसाठीं खास तरतुदीची वाट मोकळी केली आहे.

नुसता निकाल वाचणारा कपाळाला हात लावून बसतो. कारण वाचणाऱ्याला काय मागावयाचें तें कळतें.

निवाडा इंग्रजींत आहे म्हणून भिऊं नका. शब्द अडला तर कोश काढा. पांचहि रकाने आपल्या मराठींत भरतां आले, तरच तो समजला असें माना. आणि मग तो कागद घरीं आईबापांस वाचून दाखवा. त्यांच्या पोरांच्या जागांचा हा प्रश्न आहे. त्यांनीं तरी दुसऱ्याच्या तोंडाकडे कां पाहावें?